इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी शेतकऱ्याकडे परवानगी कशी मागावी?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं मी श्रॉपशरमध्ये, श्रूझबरीच्या जरा बाहेर राहतो. मूळ गाव माण तालुक्यातलं, घरी मेंढ्या. इथल्या एका क्लबात एअर रायफल शिकलो, आता कागदावरचा नेम बऱ्यापैकी बसलाय. क्लबातले काही जण सुट्टीच्या दिवशी शेतांवर ससे मारायला जातात, साफ करून घरी नेतात, खातात. मलाही तेवढंच करायचं आहे. फोटो काढून मिरवायची हौस नाही. जे मारेन ते घरात शिजेल.

अडचण जमिनीची आहे. मोकळं माळरान दिसतं, पण प्रत्येक तुकड्याला मालक आहे. क्लबातले लोक आपल्या जागा दुसऱ्याला देत नाहीत आणि त्यात काही चूक वाटत नाही. वर्षानुवर्षं जपलेली ओळख आहे ती. मला माझी जागा स्वतः विचारून मिळवायची आहे.

प्रश्न असे: आधी पत्र टाकावं की सरळ दारात जावं? वर्षातली कोणती वेळ बरी? परवानगी लेखीच लागते का? आणि मनातलं एक सांगतो. या भागात आपल्यासारखे चेहरे फार नाहीत. अनोळखी माणूस अंगणात येतो, उच्चार वेगळा, आणि पहिल्याच वाक्यात बंदुकीचा विषय काढतो. समोरच्याला काय वाटेल याची धास्ती आहे. ज्यांनी प्रत्यक्ष विचारलंय त्यांनी कृपया लिहा.

टेम्सकाठ

अनुभव नाही, पण विषय वेगळा आहे. वाचतोय. एक शंका: इथे एअर रायफलला लायसन्स लागत नाही का?

बांधावरचा

मी हेरफर्डशरमध्ये असतो. एअर रायफल वापरतो आणि हिवाळ्यात फेरेट (सशांना बिळातून बाहेर हुसकावणारा, मुंगसासारखा पाळीव प्राणी) घेऊन बिळांवर जाळी लावतो, दोन्ही दुसऱ्यांच्या जमिनीवर, परवानगीने. जरा सविस्तर लिहितो. एकाने वाईट वागून ठेवलं की त्या खोऱ्यातली सगळी दारं पुढच्या माणसाला बंद होतात, म्हणून हे नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

पत्र नको. शेतकऱ्याच्या टपालात सरकारी कागद आणि बियाणं-खतवाल्यांची पत्रकं इतकी असतात की तुमचं पत्र त्यात गेलं की गेलं. दारात जा. एकटे जा, दिवसाउजेडी, साध्या कपड्यांत, चिखल चालेल असे बूट घालून. लष्करी ठिपक्यांचे कपडे नकोत. बंदूक घरी ठेवा, गाडीच्या डिकीतसुद्धा नको. गाडी फाटकासमोर लावू नका, ट्रॅक्टर वळायला जागा ठेवा. कुत्रा भुंकत आला तर तिथेच थांबा, मालक बाहेर येईलच.

वेळेचं म्हणाल तर मार्च-एप्रिल टाळा. तेव्हा मेंढ्या वितात, माणूस रात्र रात्र जागा असतो. तुम्ही मेंढ्यांच्या घरातले, तुम्हाला हे सांगायला नको. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये कापणी. कोरड्या दुपारी कंबाइन थांबवून कुणी तुमच्याशी बोलणार नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत बरं. मात्र मोठ्या इस्टेटींवर १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम असतो. तिथला गेमकीपर (हे पक्षी राखणारा माणूस) त्या दिवसांत रानात परक्या माणसाची सावलीही पडू देत नाही. अशा ठिकाणी फेब्रुवारी उलटल्यावर जा आणि आधी कीपरला भेटा, मालकाला नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाण्याआधी जमीन बघून ठेवा. बहुतेक शेतांच्या कडेने किंवा मधून सार्वजनिक पायवाट जाते, तिच्यावरून चाला. हिवाळी गव्हाच्या शेतात झाडीला लागून एक पट्टा दिसेल. आतलं पीक वीतभर वर आलेलं आणि हा पट्टा मातीलगत कुरतडलेला. जवळ वाकून पाहिलं तर पात्यांची टोकं तिरकी कापल्यासारखी दिसतात. झाडीच्या बुडाशी ताजी उकरलेली माती (आमच्याकडे ती लाल असते), बिळाच्या तोंडाशी तुडवून गुळगुळीत झालेली जागा, गोल लेंड्या. हे पाहून गेलात की बोलायला काहीतरी असतं. "ओढ्याकडच्या कोपऱ्यात गहू बराच खाल्लेला दिसला, सशांचा त्रास आहे का?" इतकंच विचारा आणि ऐकत राहा. तो पाऊस, बाजारभाव, शेजारी सगळं बोलेल. बोलू द्या. बंदुकीची गोष्ट त्यानंतर.

गव्हाचीच शेतं धरून बसू नका. घोडे सांभाळणारे तबेले बघा. घोड्याचा पाय सशाच्या बिळात गेला तर हाड मोडतं, त्यामुळे तबेलेवाल्यांना सशांची धास्ती शेतकऱ्यापेक्षा जास्त असते. शॉटगनचा आवाज घोड्यांपाशी चालत नाही, म्हणून तिथे एअर रायफलवाल्याला मान आहे. गावची क्रिकेट मैदानं, गोल्फ कोर्स, ख्रिसमस ट्रीच्या रोपवाटिका यांनाही विचारता येतं. क्रिकेटच्या खेळपट्टीवर ससे उकरायला लागले की मैदान बघणाऱ्या माणसाची झोप उडते.

नकार बरेच येतील. "आमच्याकडे आधीच एक जण येतो" हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकाल आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. आभार माना, नाव-पत्ता-फोन लिहिलेला कागद द्या आणि निघा. घासाघीस नको. तो आधीचा माणूस म्हातारा होतो, गाव सोडतो, आणि मग तो कागद स्वयंपाकघराच्या खणातून बाहेर निघतो.

चेहऱ्याबद्दल. पहिल्या क्षणी थोडं निरखून बघतात, हे मी नाकारणार नाही. पण घरी मेंढ्या होत्या हे सांगा. श्रॉपशर मेंढ्यांचा मुलूख आहे. लोकर, खुरांचे आजार, दुष्काळात चारा कुठून आणायचा यावर माणदेशातला माणूस जे बोलेल ते इथल्या शेतकऱ्याला लगेच समजतं. तुम्हाला वाटतंय त्याच्या उलट आहे. जनावरं राखलेला माणूस म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवणं त्याला सोपं जाईल.

माळरान

@बांधावरचा, इतकं मनापासून लिहिलंत, फार आभारी आहे. पायवाटेवरून आधी बघून यायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. मेंढ्यांचं वाचून धीर आला.

काळाकोट

@टेम्सकाठ, आपण इंग्लंड-वेल्सचं बोलू. १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या (हे छर्ऱ्याच्या जोराचं माप) एअर रायफलला इथे प्रमाणपत्र लागत नाही. वय १८ पूर्ण हवं, आणि दुकानातून घेताना नोंदणीकृत विक्रेत्याकडून समोरासमोरच ताब्यात घ्यावी लागते. त्याहून जास्त ताकदीची असेल, किंवा पॉइंट टू-टू रिमफायर (काडतुसाची लहान रायफल) घ्यायची असेल, तर पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट. त्यासाठी "योग्य कारण" दाखवावं लागतं आणि ते कारण म्हणजे बहुतेक वेळा हीच जमिनीची परवानगी. पोलीस ती जमीन त्या बंदुकीसाठी सुरक्षित आहे का हेही पाहू शकतात.

सर्टिफिकेट लागत नाही याचा अर्थ मोकळीक आहे असा मात्र काढू नका. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय बंदूक घेऊन जाणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात एअर रायफल येते. छर्रे भरलेले नसले तरी येते. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय एअर रायफल जवळ बाळगणं हाही गुन्हा, म्हणून घर ते शेत हा प्रवास बंदिस्त पिशवीतून, रिकाम्या बंदुकीने. परवानगीच्या हद्दीबाहेर छर्रा गेला तर तो वेगळा गुन्हा. रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत बार टाकून रस्त्यावरच्या माणसाला त्रास किंवा धोका झाला तर हायवेज ॲक्ट १९८० लागतो. घरात मुलं असतील तर १८ खालच्यांच्या हाती बंदूक जाणार नाही अशी वाजवी खबरदारी घेण्याची कायदेशीर जबाबदारी तुमची.

आता परवानगी कोणाची, हा खरा कळीचा मुद्दा. लोक जमीनमालक शोधत बसतात. पण शेत कुळाकडे असेल तर १८८० च्या ग्राउंड गेम ॲक्टप्रमाणे ससे मारण्याचा हक्क जमीन कसणाऱ्याला आहे, आणि भाडेकरारात काहीही लिहिलं तरी तो त्याच्याकडून काढून घेता येत नाही. त्या काळी इस्टेटवाले शिकारीचे सगळे हक्क स्वतःकडे ठेवत आणि कुळाचं पीक ससे खात, म्हणून तो कायदा झाला. मात्र कुळाला त्या कायद्याखाली बंदुकीसाठी स्वतःव्यतिरिक्त एकाच माणसाला अधिकार देता येतो आणि तो लेखी द्यावा लागतो. तेव्हा कुळाकडे आधीचा एक जण असेल तर दुसऱ्याला हो म्हणणं त्याच्या हातात नसतं. "आधीच एक जण येतो" या उत्तरामागे कधी कधी हेही असतं. मालक स्वतःच कसत असेल तर त्याला ही एका माणसाची अट नाही. तरी माझा सल्ला: प्रत्येक ठिकाणी लेखीच घ्या.

आणखी एक कायदा शेतकऱ्याशी बोलताना लक्षात ठेवा. १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली लंडन शहराचा मूळ गाभा, सिली बेटं आणि स्कोकहोम बेट सोडलं तर सगळं इंग्लंड-वेल्स सशांच्या नियंत्रणाचं क्षेत्र जाहीर झालेलं आहे. म्हणजे आपल्या जमिनीवरचे ससे आवरणं, निदान शेजाऱ्याचं नुकसान होऊ न देणं, ही जमीन कसणाऱ्याची जबाबदारी आहे. ते काम तुम्ही फुकट करून देताय. हे त्याला ऐकवायचं नसतं, त्याला ते माहीत असतं. पण आपण याचक म्हणून उभे नाही, एवढं तुम्हाला कळलेलं बरं.

सावली

धागा वाचून अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते. इथे पोट भरायला सशाची गरज कुणालाच नाही. सुपरमार्केटमध्ये सगळं मिळतं. तारेचं कुंपण घालता येतं. एका भित्र्या जिवाला मारायला इतकी धडपड, आणि त्यावर इतकी आपुलकीने चर्चा, हे मला समजत नाही. कुणाला दुखवायचं नाही, पण हा आवाजही इथे असावा.

माळरान

सावलीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हा विचार माझ्या घरातही झालाय, बायकोने हेच विचारलं होतं. माझं उत्तर इतकंच: आम्ही मांस खातो. मेंढी कापताना मी लहानपणापासून पाहिलंय. सुपरमार्केटमधल्या कोंबडीने आभाळ पाहिलेलं नसतं. सशाने पाहिलेलं असतं, आणि त्याला मारायची जबाबदारी मी दुसऱ्यावर ढकलत नाही. हे सगळ्यांना पटावं असा आग्रह नाही.

बांधावरचा

@सावली, कुंपणाबद्दल: जाळी जमिनीत पुरावी लागते, बाहेरच्या बाजूला वळवून, नाहीतर ससे खालून उकरतात. छोट्या मळ्याला जमतं. शेकडो एकरांना खर्च झेपत नाही, शिवाय ओढे आणि फाटकं मधे येतातच. शेतकऱ्यापुढे उरतो तो दुसरा मार्ग म्हणजे बिळात विषारी धूर सोडणं. प्रशिक्षण घेतलेली माणसं ते करतात, कायदेशीर आहे. पण बिळात कोण कोण आहे ते बघून तो धूर जात नाही. मी तरी रायफलच्या बाजूने आहे, जिथे प्रत्येक ससा बघून, ठरवून मारला जातो.

पण तुमच्या बोलण्यातला एक भाग मी पूर्ण मानतो. जखमी करून सोडायचा असेल तर जाऊच नये. १२ फूट-पाउंडांची रायफल तीस यार्डांच्या आसपासचं हत्यार आहे. डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेत, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात, दर वेळी छर्रा बसत असेल तरच त्या अंतरावरून मारा. बसत नसेल तर अंतर कमी करा. वारा असेल तर घरी बसा. क्लबात बाकाला टेकून लागलेला नेम ओल्या गवतात पोटावर पडून लागत नाही, त्याचा सराव आधी कागदावरच व्हावा. आणि वसंतात माद्यांना बिळात पिल्लं असतात. मी त्या दिवसांत मादी दिसली, दूध असल्याची शंका आली, तर सोडून देतो. कायद्यात सशाला बंद हंगाम नाही. हा माझा नियम आहे आणि माझ्या जमिनीवाल्यांना तो मी सांगून ठेवलाय.

करवानक

मी नॉरफकमध्ये पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करते. सावली आणि बांधावरचा दोघांच्याही मधली एक गोष्ट सांगते.

ससा इंग्लंडचा मूळचा रानटी रहिवासी नाही. नॉर्मन लोकांनी मांस आणि कातड्यासाठी आणला, वाड्यांभोवती मुद्दाम राखलेल्या वॉरनमध्ये (सशांच्या बिळांच्या राखीव जागेत) वाढवला. आमच्याकडे थेटफर्डजवळ वॉरन राखणाऱ्याचं दगडी घर आजही उभं आहे. चोर सशांवर डल्ला मारायचे म्हणून ते किल्ल्यासारखं जाड भिंतींचं बांधलंय. मग ससे सुटले, पसरले, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिकांचा मोठा शत्रू झाले. १९५३ साली केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग आला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक ससे मेले. डोळे सुजलेले, आंधळे झालेले ससे रस्त्यात बसलेले असायचे, असं इथली म्हातारी माणसं अजून सांगतात.

त्यानंतर जे झालं त्याची कुणी कल्पना केली नव्हती. ससे गेले, गवत वाढलं, उन्हाची जमीन सावलीत गेली. ज्या मुंगीच्या वारुळात लार्ज ब्लू नावाच्या निळ्या फुलपाखराची अळी वाढते ती मुंगी उंच गवतात टिकत नाही. आधीच कमी होत आलेलं ते फुलपाखरू १९७९ मध्ये ब्रिटनमधून नाहीसं झालं. पुढे स्वीडनमधून आणून पुन्हा रुजवावं लागलं. आमच्या ब्रेकलँडमध्ये आखूड गवतावर घरटं करणारे करवानक (म्हणून माझं हे नाव) सशांच्या चरण्यावर अवलंबून आहेत. आता सशांचा रक्तस्रावाचा दुसरा विषाणूजन्य रोग फिरतोय आणि संख्या पुष्कळ घटली आहे. इथे आम्ही सशांसाठी फांद्यांचे ढीग रचतो, मातीचे बांध घालतो, की त्यांनी राहावं. त्यांच्या मूळ घरी, स्पेन-पोर्तुगालमध्ये तर हा ससा आता संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

म्हणून माळरान, माझी एक विनंती. परवानगी मागताना तुमच्या त्या विशिष्ट शेतावर ससे खरोखर जास्त आहेत का ते आधी बघा. संध्याकाळी कडेला उभं राहून मोजा. दोन-चार दिसत असतील तर शेतकऱ्याला तसं सांगा आणि राहू द्या. चाळीस-पन्नास एकदम बाहेर येत असतील तर गोष्ट वेगळी.

सावली

@करवानक, हे काहीच माहीत नव्हतं. माझं मत बदललं नाही, पण लिहिलंत याबद्दल आभार.

ओटागोची सून

मी न्यूझीलंडमधून, सेंट्रल ओटागो. आमच्याकडे चित्र पूर्ण उलटं. इथे ससा एकोणिसाव्या शतकात माणसांनीच आणला, १८७६ मध्येच त्याच्याविरुद्ध कायदा करायची वेळ आली. काही डोंगर उतारावरून जमीन सरकतेय असं वाटावं इतके ससे. १९९७ मध्ये तर वैतागलेल्या शेतकऱ्यांनी सशांचा रोग चोरून देशात आणून सोडला होता. सासरे सांगतात, दहा ससे एका मेंढीचं गवत खातात. इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी हा हिशेब कायम असतो.

तरीही परवानगी लागतेच. गंमत बघायला (रात्री दिवे मारत) परस्पर कुणी शिरलं तर सासरे पोलिसांना फोन करतात, ससे कितीही असोत. कारण ससा कुणालाच नकोय, पण मधे गाभण मेंढ्या असतात, पाण्याचे पाइप असतात, मुलं असतात. आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी कुणाला हो म्हणायचं हे सासरे एका गोष्टीवरून ठरवतात. येताना त्याने फाटक कसं सोडलं? उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. निळ्या दोरीने बांधलेलं असेल तर सोडली तशीच पुन्हा बांधली का? ते खिडकीतून बघत असतात. बोलणं नंतर.

वऱ्हाडी

अकोल्याहून. आपल्याकडच्या कुणी हे वाचून बंदूक काढू नये म्हणून मुद्दाम लिहितो. आपला रानससा हा वेगळा प्राणी आहे, तो बिळं करून राहत नाही, झुडपाच्या आडोशाला बसतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. शेतमालक हो म्हणाला तरी त्याला मारणं गुन्हाच. इथे जमीन तुमची असली तरी जनावर सरकारचं. रोही आणि रानडुकरांनी आमची हरभऱ्या-तुरीची शेतं झोपवली तरी आधी वन विभागाकडे अर्ज, पंचनामा, मग लेखी परवाना. शेतकरी रात्र रात्र मचाणावर बसून डबे वाजवतात. तिकडे शेतकऱ्याचा शब्द चालतो हे वाचून खरंच हेवा वाटला.

तिखटमीठ

शिजवण्याचं कुणीच लिहिलं नाही! मी लिहिते, आमच्याकडे हिवाळ्यात होतो.

मारल्यावर लगेच आतडी काढायची, थंड होऊ द्यायचा. यकृत बघा, त्यावर पांढरे-पिवळे ठिपके दिसले तर तो ससा खाऊ नका. डोळे सुजलेला, सुस्त ससाही नको. रानातला ससा अगदी कोरड्या मांसाचा, चरबी जवळजवळ नाही, म्हणून मटणासारखा नुसता परतून चालत नाही. तुकडे मिठाच्या पाण्यात तासभर ठेवते, मग दही, हळद, आलं-लसूण लावून रात्रभर. दुसऱ्या दिवशी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरचा मसाला, आणि मंद आचेवर दीड-दोन तास. जून असेल तर आणखी. तेल हात आखडून घालू नका. मांडीचं मांस हाडावरून सुटायला लागलं की झाला. बरोबर बाजरीची भाकरी. छर्रा आत राहिला असेल तर दाताखाली येतो, वाढण्याआधी बोटांनी तपासा.

आणि माळरान, परवानगी मिळाली की पहिला ससा सोलून, धुऊन, कागदात गुंडाळून त्या शेतकऱ्याच्या घरी द्या. केसांसकट दारात टाकू नका.

माळरान

मंडळी, उशिरा लिहितोय, पण सांगण्यासारखं आहे.

बऱ्याच ठिकाणी विचारलं. दोन शेतकऱ्यांनी काळाकोट म्हणाले तेच सांगितलं, माणूस आधीपासून आहे. एका इस्टेटीच्या कीपरने नीट ऐकून घेतलं आणि फेब्रुवारीनंतर ये म्हणाला. एका ठिकाणी दार उघडून "नको" एवढंच, आणि दार बंद. वाईट वाटलं थोडं, पण फाटक व्यवस्थित लावून निघालो.

परवानगी मिळाली ती तबेल्यावर. मालकीण साठीच्या पुढच्या आहेत. पायवाटेवरून मागचं कुरण पाहून ठेवलं होतं, उताराचा अख्खा भाग चाळणीसारखा झालाय. संध्याकाळी कुंपणाबाहेर उभं राहून पाहिलं तेव्हा गवतात इतके कान दिसले की करवानकताईंच्या हिशेबात ते नक्कीच "वेगळी गोष्ट" मध्ये बसतात. बाईंना बिळांबद्दल विचारलं तर त्यांनी एका घोडीची गोष्ट सांगितली, मागच्या हिवाळ्यात पाय मुरगळून कितीतरी आठवडे बांधून ठेवावी लागली होती. मग माझ्याबद्दल विचारलं. मेंढ्यांचं सांगितलं. त्यांचे वडील वेल्सच्या सरहद्दीवर मेंढ्या राखायचे. पावसाशिवाय मेंढ्या कशा जगवता हे त्यांना समजून घ्यायचं होतं, चाऱ्यासाठी कळप घेऊन महिनोन् महिने फिरणाऱ्या धनगरांबद्दल बराच वेळ विचारत होत्या. बंदुकीबद्दल दोनच प्रश्न आले: आवाज किती, आणि विमा आहे का.

विमा होता. शिकारीच्या राष्ट्रीय संघटनेचं, बी.ए.एस.सी.चं सभासदत्व आधीच घेतलं होतं, त्यात एक कोटी पौंडांपर्यंतचा तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा येतो. सभासद कार्ड दाखवलं.

मग त्या स्वतः मला हद्द दाखवायला आल्या. पायवाट कुठून जाते, शेणखताच्या ढिगामागे शेजाऱ्याची मुलं कुठे खेळतात, विजेची तार कोणत्या कुंपणात आहे. त्यांच्या अटी: रविवारी सकाळी मुलं घोडेस्वारी शिकायला येतात तेव्हा नाही. येण्याआधी मेसेज. घोडे त्या कुरणात असतील तर नाही. मित्राला घेऊन यायचं नाही. सगळ्या पटल्या, काही मी स्वतःच घातल्या असत्या.

कागद घरून टाइप करून नेला होता, एक पानाचा. त्यांचं नाव आणि त्या जमीन कसतात हे वाक्य, माझं नाव-पत्ता, फक्त ससे आणि फक्त एअर रायफल, कोणती कुरणं (नकाशाची प्रत जोडून, हद्द लाल शाईने), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि परवानगी केव्हाही तोंडी सांगून मागे घेता येईल असं वाक्य. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी मान हलवली आणि सही केली. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. माझी प्रत प्लास्टिकच्या पाकिटात रायफलच्या पिशवीत असते.

पहिला ससा तिखटमीठ यांच्या सूचनेप्रमाणे साफ करून दिला. दुसरा आमच्याकडे शिजला. बायकोने खाल्ला.

बांधावरचा

मनापासून आनंद झाला. तीन गोष्टी राहिल्या. एक, त्या शेणखतामागच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा. रायफल घेतलेला माणूस दिसला की लोक पोलिसांना फोन करतात आणि त्यात त्यांची चूक नसते. तुमचं तोंड ओळखीचं असलं की तो फोन टळतो. दोन, दुसऱ्या शेतावरून येत असाल तर बूट धुऊन या. २००१ च्या लाळ्या-खुरकताच्या साथीत इकडे गुरांचे ढीग जाळलेले लोकांनी पाहिलेत, चिखलाच्या बुटांवरून अजून माणूस पारखतात. तीन, मोडलेलं कुंपण, उताणी पडलेली मेंढी, उघडं राहिलेलं फाटक, काहीही दिसलं तरी लगेच फोन करा. ससे कमी मिळाले तरी चालतील, हे मात्र चुकवू नका.

माळरान

शेजाऱ्यांकडे या शनिवारी जातो. बुटांचं लक्षात ठेवलं.

उत्तरध्रुव

छान धागा. मी स्कॉटलंडमध्ये, स्टर्लिंगला. इथे तर कुठेही फिरायचा हक्क आहे म्हणतात, मग एअर रायफल घेऊन डोंगरात गेलं तर चालेल ना?

काळाकोट

@उत्तरध्रुव, नाही, कृपया जाऊ नका. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये फिरण्याचा हक्क दिलाय, पण शिकार आणि बंदूक चालवणं त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. शिवाय ३१ डिसेंबर २०१६ पासून स्कॉटलंडमध्ये एअर रायफल बाळगायलाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्याकडे रायफल आधीच असेल आणि प्रमाणपत्र नसेल तर आधी पोलिस स्कॉटलंडशी बोला, शिकारीचं नंतर. अर्जात कारण विचारतात, तिथे जमीनवाल्याची परवानगी किंवा क्लबाचं सभासदत्व कामी येतं. म्हणजे तुमच्या बाबतीत दारात जाऊन विचारणं हे पहिलंच काम आहे. वर बांधावरचा यांनी लिहिलेलं सगळं तिथेही लागू.

उत्तरध्रुव

बरं झालं विचारलं. रायफल अजून घेतलेली नाही. आधी क्लब शोधतो.